चौघी आणि एक मॅक्सवेल



आजची गोष्ट रस्त्यावरची आहे आणि मोटारीची आहे. बचत गटाच्या ताईला मोटारींचं काय, असं कुणाला वाटेल, म्हणून आधी कारण सांगते. दिवाळी झाल्यावर आम्ही सात जणी जिल्ह्याच्या गावी जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं तिथे गेलो होतो. खरं म्हणजे गेलो होतो मसाला आणि पापडाचा स्टॉल घेऊन. जीप भाड्याने केली, डिझेलचे पैसे सगळ्यांनी वाटून घेतले, पोती पायाशी ठेवली आणि गाणी म्हणत पोचलो. दोघींना स्टॉलवर बसवलं आणि बाकीच्या मोटारी बघायला निघालो. काय एकेक गाडी! पितळेचे दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, रबरी फुग्याचे भोंगे. प्रत्येक गाडीपुढे पाटी. पाटीवर कंपनीचं नाव, साल, इंजिनाची ताकद, आणि गाडी पूर्वी कोणाच्या मालकीची होती ते. कुठल्या संस्थानिकाची, कुठल्या शेठजींची. आमच्यातल्या एक अक्का सगळ्या पाट्या मोठ्यांदा वाचत होत्या. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकल्यापासून त्या दिसेल ते वाचतात. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यातली येखादी बाईनं चालवली असंल का गं?"

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी त्यांना जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगते.

मोटार पहिल्यांदा लांबच्या रस्त्यावर काढली तीच मुळी एका बाईने. कार्ल बेंझ हे नाव तुम्ही मर्सिडीज-बेंझमुळे ऐकलं असेल. त्यांनी जर्मनीत २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण त्यांचा कारखाना पंधरा वर्षांपूर्वी बुडायच्या बेतात होता, तेव्हा तो कोणाच्या पैशावर तरला? त्यांची वाग्दत्त वधू बेर्टा हिने लग्नात माहेरहून मिळणारी रक्कम आधीच मागून घेतली आणि धंद्यात घातली. तिच्या त्या पैशावर नको असलेल्या भागीदाराला बाजूला करता आलं. पुढे मोटार तयार झाली, पण ती विकत घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टाबाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांची दोन मुलं बरोबर घेतली आणि मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. फोर्ट्सहाइम हे त्यांचं माहेर. म्हणजे जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास माहेरी जाण्यासाठी झाला, हे आपल्याला तरी सांगायला हवं! पेट्रोल पंप तेव्हा कुठे असणार? डाग काढायला वापरतात तसलं द्रव वाटेतल्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्याला चामडं लावून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. पेटंट मात्र नवऱ्याच्या नावावर होतं आणि जगात नाव झालं तेही त्यांचंच.

अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच झालं असतं. पण मला सांगायची आहे ती याच्या एकवीस वर्षांनंतरची गोष्ट. ती अमेरिकेतली आहे आणि तिच्यात चार बायका आहेत.

ॲलिस हायलर ही न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेनसॅक गावची मुलगी. जन्म ११ नोव्हेंबर १८८६. कॉलेजात दोन वर्षं शिकली आणि १९०६ साली जॉन रॅम्सी नावाच्या वकिलाशी तिचं लग्न झालं. तिला एकोणीस पूर्ण, त्याला त्रेचाळीस. वयातलं हे अंतर ऐकून तुमच्या कपाळावर आठी आली असेल, माझ्याही आली होती. पण या नवऱ्याने एक गोष्ट केली. ॲलिस घोडागाडी हाकायची. एक दिवस शेजारून भोंगा वाजवत मोटार गेली आणि घोडा बुजून उधळला. नवऱ्याला वाटलं, घोड्यापेक्षा मोटार बरी. त्याने १९०८ साली तिला मॅक्सवेल कंपनीची एक छोटी मोटार घेऊन दिली. स्वतः तो कधी चालवायला शिकला नाही. ॲलिसने थोडं शिक्षण घेतलं आणि त्या एका उन्हाळ्यात गावाच्या आसपास जवळजवळ सहा हजार मैल गाडी चालवली. मैल म्हणते आहे मी, किलोमीटर नाही.

त्याच वर्षी मॉन्टॉक नावाच्या ठिकाणापर्यंत जाऊन यायची दोनशे मैलांची मोटारींची परीक्षा होती, शर्यतीसारखी. तिथे ॲलिसने गाडी चालवली ती मॅक्सवेल कंपनीच्या विक्रीप्रमुखाने पाहिली. केल्सी त्याचं नाव. गाडी पायऱ्यांवरून चढवून दाखवायची आणि त्याची जाहिरात करायची, अशा करामतींत हा माणूस पटाईत. त्याच्या डोक्यात आलं, ही पोरसवदा बाई आपली गाडी घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली तर? एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. गाडी कंपनीची, टायर कंपनीचे, खर्च कंपनीचा.

आता यात कंपनीचा हिशेब काय होता ते समजून घ्या. त्या काळी असा समज होता की मोटार हे पुरुषाचं काम आहे, बायकांना यंत्र कळत नाही आणि रस्त्यावर त्या घाबरतात. कंपनीने हा समज चुकीचा आहे असं म्हटलं नाही. तिने त्या समजाचाच उपयोग केला. आमची गाडी इतकी मजबूत आणि सोपी की बाईसुद्धा ती देशभर नेते, मग तुम्ही का घेत नाही? ग्राहक पुरुष, आणि बाई नमुन्यादाखल. आपल्याकडेही वॉशिंग पावडरपासून ट्रॅक्टरपर्यंत जाहिरातीत बाई असतेच. म्हणून ॲलिसची गोष्ट सांगताना तिला कंपनीने मोठी संधी दिली असं मी म्हणणार नाही. कंपनीला जाहिरात हवी होती, हिला गाडी चालवायची होती. दोघांचं जमलं.

बरोबर कोण होतं बघा. नेटी पॉवेल आणि मार्गारेट ॲटवुड या ॲलिसच्या दोन नणंदा. नवऱ्याच्या सख्ख्या बहिणी, दोघीही चाळिशी ओलांडलेल्या. आणि हरमाइन यान्स नावाची विशीच्या आतली एक मैत्रीण. बावीस वर्षांची भावजय गाडी चालवणार आणि मागे दोन वडीलधाऱ्या नणंदा बसणार, तेही दोन महिने. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत नणंदेविषयी काय काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे हे ऐकून जीपमध्ये एकच हशा पिकला. पण या दोघी ॲलिसबरोबर शेवटपर्यंत गेल्या. घरी ॲलिसचा दोनेक वर्षांचा मुलगा होता. त्याच्याकडे बघायला दाई होती आणि त्याचा बाप होता. पैसेवाल्या घरात हे शक्य होतं. दाई ठेवायची ऐपत नसलेल्या बाईला, कितीही चांगली गाडी येत असली तरी, दोन महिने घराबाहेर राहता आलं नसतं. तेवढं सांगून पुढे जाते.

चौघींपैकी गाडी येत होती ती एकट्या ॲलिसला. बाकी तिघींनी चाक धरलं नाही. ही गोष्ट मला खटकते. आमच्या गटांत मी हेच सांगत असते की बँकेचं काम एकीलाच येत असेल तर ती आजारी पडली की गट थांबतो, म्हणून निदान दुसरीला तयार करा. एकोणसाठ दिवसांत हरमाइनला तरी शिकवता आली असती. तरीपण त्या तिघी नुसत्या बसून होत्या असं नाही, ते पुढे येईलच.

गाडीविषयी जरा थांबून सांगते, कारण प्रदर्शनात तुम्ही अशी गाडी बघाल तेव्हा चमकणारं पितळ दिसेल, पण ती चालवणं काय होतं ते दिसणार नाही. गाडी होती मॅक्सवेल डीए, हिरव्या रंगाची, चार सिलिंडरची, तीस हॉर्सपॉवरची. प्रदर्शनवाल्यांच्या भाषेत ही व्हिंटेजच्याही आधीची. वर कापडी छप्पर, बाजू उघड्या. पाऊस आला की रबरी अंगरखे घालायचे. सुरू करायला पुढून हँडल मारायचं, कारण बटण दाबून सुरू होणारी गाडी १९१२ साली आली. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. दिवे कार्बाइडचे. आंबे पिकवायला वापरायचे आणि ज्यावर आता बंदी आहे, तोच कार्बाइड. त्यावर थेंब थेंब पाणी पाडायचं, गॅस तयार व्हायचा आणि काडी लावून दिवा पेटवायचा. पेट्रोल किती उरलं ते दाखवायला काटा नव्हता. सीट काढून टाकीत काठी बुडवून बघायचं. आणि पंक्चर झालं तर आजच्यासारखं चाक बदलून मोकळं होता येत नसे. लोखंडी पट्टीने टायर कडेवरून उचकटायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, परत घालायची, आणि हातपंपाने हवा भरत बसायचं. या प्रवासात ॲलिसने अकरा टायर बदलले. स्पार्क प्लग साफ केले, तुटलेलं ब्रेकचं पेडल दुरुस्त केलं. मोठं काही मोडलं तर कंपनीची माणसं सुटे भाग घेऊन यायची, हेही सांगायला हवं. पण ती येईपर्यंत जे करायचं ते हिनेच.

९ जून १९०९. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर कंपनीचं दुकान होतं तिथून निघाल्या. धो धो पाऊस, तरी फोटोवाल्यांची गर्दी. चौघींनी अंगावर लांब कोट चढवलेले, डोक्यावर टोप्या. नवरा निरोप द्यायला आलेला.

एकूण अंतर सुमारे ३,८०० मैल, म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या वर. त्यात पक्का रस्ता किती? १५२ मैल. बाकी सगळी माती, खडी, बैलगाडीसारख्या गाड्यांच्या चाकोऱ्या. त्या वेळी नकाशाऐवजी एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मिळायचं. त्यात खुणा लिहिलेल्या असायच्या. अमुक मैलांवर चर्च लागेल तिथे उजवीकडे वळा, असं. ओहायो राज्यात पुस्तकात लिहिलं होतं की पिवळं घर आणि पिवळं कोठार दिसलं की डावीकडे वळा. या शोधतायत, शोधतायत, पिवळं घर काही दिसेना. विचारल्यावर कळलं की घरमालकाला मोटारींचा राग होता. मोटारवाले चुकावेत म्हणून त्याने घर हिरवं रंगवून टाकलं होतं. आमच्या अक्कांना हा माणूस फार आवडला. त्या म्हणाल्या, असा येक आमच्या गावातबी हाय.

मिसिसिपी नदी ओलांडली की ते निळं पुस्तक संपायचं. पश्चिमेकडचं पुस्तक निघालंच नव्हतं. मग वाट कशी काढायची? तारेचे खांब बघून. दोन फाटे लागले की ज्या खांबांवर जास्त तारा, तिकडे मोठं गाव असणार, तिकडे वळायचं. माझ्या आजीच्या गावाला जाताना पूर्वी लोक असंच विजेच्या खांबांवरून सांगायचे, म्हणून मला हे चटकन पटलं. एवढ्याने काही वेळा त्या चुकल्याही.

कंपनीने पुढे एक माणूस पाठवलेला असायचा. बॉस्टनच्या वर्तमानपत्रात मोटारींच्या बातम्या लिहिणारा जॉन मर्फी. तो आधी गावात पोचायचा, हॉटेल ठरवायचा आणि वर्तमानपत्रवाल्यांना सांगायचा की बायका येतायत. त्यामुळे गावोगाव लोक जमायचे.

खरी परीक्षा झाली आयोवा राज्यात. जूनचा पाऊस आणि काळी माती. आपल्याकडच्या काळ्या रानात पहिल्या मोठ्या पावसानंतर गाडी घालून बघा, मग कळेल. आयोवातलं ३६० मैलांचं अंतर कापायला तेरा दिवस लागले. काही आयांनी तेवढ्या वेळात पायी पंढरपूर गाठलं असतं! चाकांना साखळ्या बांधून गाडी काढायची. तरी रुतली की शेतकऱ्याचे घोडे भाड्याने आणून ओढून घ्यायची. चिखलात इंजिनावर इतका ताण यायचा की रेडिएटरमधलं पाणी उकळून उडून जायचं. आणि एके ठिकाणी पाणी भरायला भांडंच नव्हतं. तेव्हा नेटी आणि मार्गारेट या दोन नणंदांनी आपल्या प्रसाधनाच्या पेटीतल्या नक्षीदार काचेच्या बरण्या काढल्या. चांदीच्या झाकणांच्या. दात घासायचे ब्रश वगैरे ठेवायच्या त्या. आणि रस्त्याकडेच्या चरातलं पाणी त्या बरण्यांनी भरभरून आणलं. किती खेपा झाल्या असतील विचार करा. या सबंध प्रवासातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग हा आहे. चाळिशी उलटलेल्या, चांगल्या घरच्या दोन बायका, लांब झगे चिखलात भरलेले, आणि महागड्या बरण्यांनी गटाराचं पाणी वाहतायत, भावजयीची गाडी चालावी म्हणून.

पुढे वीझल क्रीक नावाचा ओढा लागला. ओढ्याला पूर आलेला. पलीकडे जाता येईना. त्या रात्री चौघी गाडीतच झोपल्या, बसल्या बसल्या, पाणी ओसरायची वाट बघत. वाटेतल्या एका गावात एक शेतकरी बाई त्यांना बघायला सहा मैलांवरून आली होती आणि बराच वेळ थांबून राहिली होती. वर्तमानपत्रात वाचलं म्हणून आले, आल्याचं सार्थक झालं, असं ती म्हणाली. केल्सीसाहेबांनी जाहिरात केली पुरुष ग्राहकांसाठी, आणि सहा मैल तंगडतोड करून आली ती ही बाई. ती मोटार विकत घेणार नव्हती. तिला काय बघायचं होतं ते केल्सीच्या हिशेबात नव्हतं.

नेब्रास्कात वेगळीच भानगड. खुनी माणसाच्या शोधात पोलिसांची तुकडी फिरत होती, त्यांनी यांची गाडी अडवून झडती घेतली. वायोमिंगमध्ये रस्ता मोठमोठ्या कुरणांतून जायचा. फाटक उघडायचं, गाडी आत घालायची, फाटक लावायचं, पुन्हा पुढचं फाटक. नॉर्थ प्लॅट नदीवरचा गाड्यांचा पूल वाहून गेला होता. मग एकच मार्ग उरला, रेल्वेचा पूल. हरमाइन पलीकडे जाऊन रेल्वेच्या माणसांची परवानगी घेऊन आली. आगगाडी येणार नाही याची खात्री झाल्यावर ॲलिसने गाडी रुळांवर घातली आणि एकेका स्लीपरवरून दण दण आपटत पार नेली. खाली नदी. हे सगळं टायरच्या भरवशावर, आणि टायर कसे होते ते मी सांगितलंच. त्यानंतर एका मुक्कामाला हॉटेलात ढेकूण निघाले. पूल पार केलेल्या बायका ढेकणांपुढे हरल्या आणि रात्री उठून बसल्या.

वायोमिंगविषयी एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. या राज्यात, तेव्हा ते नुसता प्रदेश होतं, बायकांना मताचा हक्क १८६९ सालीच मिळालेला होता. १९०९ मध्ये अमेरिकेत बायकांना पूर्ण मताधिकार देणारी राज्यं चारच होती, वायोमिंग, युटा, कोलोरॅडो आणि आयडाहो. त्यातल्या दोन राज्यांतून ॲलिसची गाडी गेली. त्या ढेकणांच्या हॉटेलात काम करणाऱ्या बाईला मत होतं. न्यू जर्सीच्या वकिलाच्या शिकलेल्या बायकोला नव्हतं. तिला ते मिळालं १९२० साली, देशभरातल्या बायकांबरोबर. तोपर्यंत तिने अख्खा देश गाडीने ओलांडला होता, पण आपल्या गावात मत टाकायला ती जाऊ शकत नव्हती.

युटात गाडी एका बिळात आदळली. प्रेअरी डॉग म्हणून खारीच्या कुळातला एक प्राणी तिकडे माळावर बिळं करून राहतो. पुढची दोन चाकं जोडणारा सांधा सुटला आणि चाकं फाकली. तात्पुरती डागडुजी करून पुढच्या वस्तीपर्यंत गाडी नेली. नेवाडाच्या वाळवंटात तर चौघींचा जीव घशाशी आला. घोड्यांवरून तिथले मूळ रहिवासी दौडत आले, हातात धनुष्यबाण ताणलेले. या लोकांविषयी लहानपणापासून भीतीच्या कहाण्या ऐकलेल्या, त्यामुळे चौघी थिजल्या. घोडेस्वार जवळ आले आणि रस्ता ओलांडून तसेच पुढे निघून गेले. ते सशाच्या मागे लागले होते. आपल्याच मुलखात शिकार करत होते बिचारे. मोटारीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग सिएरा नेवाडाचा घाट, उंच पाइनची झाडं, टाहो तलाव, आणि उतरणीला कॅलिफोर्निया. ७ ऑगस्ट १९०९ रोजी बोटीने खाडी ओलांडून गाडी सॅन फ्रान्सिस्कोत पोचली. एकोणसाठ दिवस झाले होते. स्वागताला कंपनीच्या मोटारींची रांग, भोंगे, फोटो. आपली मोटार स्वतः चालवत अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारी ही पहिली बाई. तिथे थोडे दिवस राहून ॲलिस घरी परतली, आगगाडीने. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली.

आता तुलनेसाठी एक पुरुष घेऊ. हा प्रवास पहिल्यांदा केला तो १९०३ साली होरेशिओ जॅक्सन नावाच्या डॉक्टरने. क्लबात पन्नास डॉलरची पैज लागली म्हणून तो निघाला. बरोबर क्रॉकर नावाचा मेकॅनिक घेतला, वाटेत एक कुत्रा घेतला. त्यांना त्रेसष्ट दिवस लागले, म्हणजे ॲलिसपेक्षा चार जास्त. मधल्या सहा वर्षांत गाड्या सुधारल्या होत्या, म्हणून दिवसांवरून चढाओढ लावण्यात अर्थ नाही. पण जॅक्सनची ती विंटन गाडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डॉक्टरचा पुतळा आहे, कुत्र्याचाही आहे, कुत्र्याच्या डोळ्यांवर गॉगल आहे. पन्नास डॉलरच्या पैजेला लोक धाडस म्हणतात आणि ॲलिसच्या प्रवासाला कंपनीची जाहिरात म्हणतात. हा फरक मला मान्य नाही. रुळांवरून गाडी नेताना ती जाहिरात नव्हती.

ॲलिस नंतर काय करत होती? गाडी चालवत होती. मुलं वाढवली, १९३३ साली नवरा गेला, आणि तिने पुन्हा पुन्हा देश ओलांडला, तीसहून जास्त वेळा. मोजणं पुढे तिनेच सोडून दिलं. १९६० साली तिला शतकातली महिला मोटारचालक असा किताब मिळाला. १९६१ साली तिने या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि प्रवासाला बावन्न वर्षं होऊन गेली होती. हिरवं रंगवलेलं पिवळं घर, काचेच्या बरण्या, ढेकूण, हे सगळं जे मी तुम्हाला सांगितलं, ते तिने स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. आमच्या गटाची इतिवृत्ताची वही लिहायचा कंटाळा करणाऱ्या सचिव ताई ऐकत असतील अशी आशा आहे. नेटी, मार्गारेट आणि हरमाइन यांनी मात्र असं पुस्तक लिहिलं नाही, त्यामुळे चरातलं पाणी वाहताना त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला ॲलिसच्या डोळ्यांनीच बघावं लागतं.

१० सप्टेंबर १९८३ रोजी कॅलिफोर्नियात ती वारली, शहाण्णव वर्षांची होऊन. अमेरिकेत मोटार क्षेत्रातल्या थोरांच्या स्मरणासाठी एक दालन आहे. त्यात कारखानदार, इंजिनीअर, शर्यतवाले अशी अनेक वर्षं पुरुषांचीच नावं होती. तिथे घेतलेली पहिली बाई म्हणजे ॲलिस रॅम्सी, आणि ते साल होतं २०००. बेर्टाबाईंचा नंबर २०१६ साली लागला.

मॅक्सवेल कंपनी तर कधीच गेली. १९२५ साली तिच्यातून क्रायस्लर कंपनी तयार झाली आणि मॅक्सवेल हे नाव गाड्यांवरून उतरलं. आता त्या गाड्या दिसतात त्या आम्ही पाहिलं तसल्या प्रदर्शनांत, कुणा हौशी माणसाच्या गॅरेजमध्ये. २००९ साली या प्रवासाला शंभर वर्षं झाली, तेव्हा अमेरिकेतल्या एका लेकीने ठरवलं की आपण तशाच गाडीतून तोच प्रवास करायचा. तिच्या वडिलांना जुन्या मोटारी दुरुस्त करायचा नाद. त्यांनी १९०९ सालची मॅक्सवेल, मिळतील ते भाग जमवून, उभी केली. ९ जूनला न्यूयॉर्कहून ती गाडी निघाली, चाक लेकीच्या हातात, शेजारी दुसरी बाई, आणि मागोमाग दुसऱ्या गाडीत सुटे भाग घेऊन तिचे वडील. या वेळी रस्ता सगळा डांबरी होता. हँडल मात्र तेव्हासारखंच पुढून मारावं लागत होतं.